मी काही सांगणार नाही, आई

हॉस्पिटलात भेटायच्या वेळेला मी गेले तेव्हा मिहिर उशीला टेकून बसला होता. हाताला सलाइन, ओठ सुकलेले, पण डोळे नेहमीसारखेच, काहीतरी विचारायचं आहे असे. मला वाटलं पाणी मागेल, नाहीतर घरी कधी सोडणार म्हणून विचारेल. त्याने विचारलं, "गेलीस का पलीकडे?" मी म्हटलं, "नाही रे. तुझ्या खेळातल्या त्या धुक्यात शिरले की फिरून आपल्याच घाटाला लागते. तू आधी बरा हो." तो हसला. "मी काही सांगणार नाही हां, आई." "नकोच सांगूस. मी विचारलंय का तुला?" एवढंच आमचं बोलणं झालं. नर्स दारात येऊन उभी राहिली, मी त्याचं पांघरूण सारखं केलं आणि निघाले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्याबरोबर काम करणाऱ्या तन्मयचा फोन आला. तो फक्त "काकिमा..." म्हणाला आणि मला कळलं. डेंग्यूचा ताप होता. दुर्गापूजा होऊन गेली होती, आमच्या गल्लीतला मांडव अजून पुरता उतरला नव्हता, बांबू तसेच उभे होते. त्या बांबूंखालूनच आम्ही मिहिरला शेवटचं घरी आणलं.

त्याला आता काही आठवडे झाले. या पुरवणीच्या संपादकांनी मिहिरबद्दल लिहाल का म्हणून विचारलं, तेव्हा मी म्हटलं, लिहीन, पण माझ्या नातवंडांना सांगितल्यासारखं लिहीन, दुसरं मला जमणार नाही. तेव्हा ईशान, रेवा, हे तुमच्यासाठी आहे. तिकडे इतक्या लांब तुमचं मराठी जेवणाच्या टेबलापुरतं उरलं आहे हे मला ठाऊक आहे, म्हणून तुमची आई वाचून दाखवेल. मध्येच तिचा आवाज थांबला तर तिला पाणी आणून द्या. तिचा तो धाकटा भाऊ होता.

तुमच्यासाठी मिहिरमामा म्हणजे व्हिडिओ कॉलवरचा दाढीवाला माणूस, जो तुम्हाला अर्धवट झालेले खेळ पाठवायचा. एकदा त्याच्या खेळातली लाँच काहीतरी चुकून पाण्यावरून उठली आणि सरळ आकाशात गेली, प्रवाशांसकट. तुम्ही दोघं हसून हसून लोळलात आणि "मामा, हे दुरुस्त करू नकोस" म्हणून हट्ट धरलात. त्याने दुरुस्त केलं, पण तुमच्यासाठी एक उडणारी लाँच वेगळी ठेवून दिली. ती तुमच्याकडे असेल. जपून ठेवा.

तो मुळात नदीकाठचा मुलगा. तुमचे आजोबा रेल्वेत, बदली होऊन आम्ही नागपूरहून कलकत्त्याला, गार्डन रीचच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये आलो तेव्हा मिहिर दोन-अडीच वर्षांचा होता. आमच्या खिडकीतून हुगळी दिसायची. मोठ्या जहाजांकडे तो बघायचाही नाही. त्याचं लक्ष असायचं माणसं इकडून तिकडे नेणाऱ्या लाँचवर. ती सरळ का जात नाही, आधी वर का जाते, मग खाली का येते... मी शाळेत इंग्रजी शिकवायचे, मला नदीतलं काय कळणार? मी म्हणायचे, "वाकडी चालते, कारण तिला शिस्त नाही." पुढे तो मोठा झाला, इंजिनियर झाला, सॉल्ट लेकच्या एका कंपनीत लागला. आजोबा निवृत्त झाले, आम्ही इथेच दक्षिण कलकत्त्यात हे वरच्या मजल्यावरचं घर घेतलं. सगळं रुळावर आहे असं वाटत असतानाच एक दिवस जेवताना त्याने सांगितलं की नोकरी सोडतोय, स्वतःचे व्हिडिओ गेम करणार. आजोबा भात कालवत म्हणाले, "अरे, आमच्याकडे लोक रिटायर झाल्यावर पत्ते खेळतात. तू आधीपासूनच?" मिहिर म्हणाला, "बाबा, खेळणार नाही, करणार." "मग तर जास्तच वाईट," आजोबा म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी त्यांनीच गच्चीवरच्या खोलीत पंखा बसवून घेतला.

मी आयुष्यभर शाळेत काढलेली बाई. मला वाटलं, याचा एखादा रीतसर अभ्यासक्रम असेल, परीक्षा असेल, शेवटी हातात कागद मिळेल. मी विचारलंही. तो म्हणाला, "कोर्स असतात, पण खेळ करायला शिकायचं तर खेळ करावे लागतात." परदेशातले कोणी कोणी आपण कसं करतो ते दाखवणारे व्हिडिओ टाकत, ते बघायचे, थांबवायचे, तसं करून पाहायचं, ते मोडायचं, का मोडलं ते शोधायचं. कधी शनिवार-रविवारी जगभरचे अनोळखी लोक एकच विषय घेऊन दोन दिवसांत एकेक छोटा खेळ करायचे. त्याला ते जॅम म्हणतात. त्यातले त्याचे सुरुवातीचे खेळ इतके वाईट होते की मलासुद्धा कळलं. तो मुळीच खट्टू झाला नाही. "पहिल्या पोळ्या नकाशेच होतात ना, आई? तसंच." इंजिन हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा तुमचे आजोबा फार खूश झाले, त्यांना वाटलं पोरगं शेवटी घराण्याकडे वळलं. मग मिहिरने त्यांना समोर बसवून दाखवलं की हे फुकट मिळणारं एक सॉफ्टवेअर आहे. वस्तू खाली कशी पडावी, भिंतीला कशी अडावी, उजेड कुठून यावा, एवढं ते सांभाळतं. बाकी जग आपण करायचं. आजोबा म्हणाले, "म्हणजे डबे तुझे." "डबे माझे, रूळ माझे, प्रवासी पण माझेच आणायचे," मिहिर म्हणाला.

प्रवासी आणणं हेच सगळ्यात कठीण निघालं. त्याचा पहिला खेळ पतंगांचा होता. ऑनलाइन दुकानात लागला त्या दिवशी मी खीर केली. तो बहुतेक ओळखीच्यांनीच विकत घेतला. मग लोकांची कामं घेणं आलं, कोणाचा मोबाइलवर मणी फोडायचा खेळ, कोणाचं मुलांना एबीसीडी शिकवायचं अ‍ॅप. आठवड्याचे बरेचसे दिवस त्यात जात आणि उरलेल्यात स्वतःचा खेळ. खेळ बाजारात आणणाऱ्या परदेशी कंपन्यांना तो लिहायचा. उत्तरं गोड असत. एक दिवस त्याने मला एक मेल वाचायला दिली. त्यांना खेळ मनापासून आवडला होता, चित्रं सुंदर होती, ते त्याच्या पुढच्या वाटचालीवर नजर ठेवणार होते. तो म्हणाला, "इंग्रजीच्या बाई, याला काय म्हणतात?" मी म्हटलं, "याला नकार म्हणतात. सगळ्याच भाषांत." तो इतका हसला की मलाही हसू आलं. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत सरपोतदारबाईंनी विचारलं, "मिहिर काय करतो हल्ली?" मी म्हटलं, "खेळ करतो." "अय्या, कोणता? टेबल टेनिस?" त्यानंतर मी नुसतं "कॉम्प्युटरमध्ये आहे" म्हणू लागले. लग्नाचं तर पुढे कोणी विचारेनासंच झालं.

आजोबा गेल्यावर त्याने नदीचा खेळ हाती घेतला. त्यात आपण एका जुन्या लाँचचे सारंग, म्हणजे ती हाकणारे, असतो, माणसांना या घाटावरून त्या घाटावर न्यायचं, बस्स. मारामारी नाही, गुण नाहीत. चित्रं तन्मय काढायचा. तो बजबजचा, लोकल पकडून यायचा, जाहिरातींचं चांगलं काम सोडून या खेळात आला होता. आणि खेळ तपासायला होते मी! का, तर मी आयुष्यात एकही व्हिडिओ गेम खेळले नव्हते. "तुला जमलं तर कोणालाही जमेल," मिहिर म्हणाला. मी म्हटलं, "हा मान आहे की अपमान?" "जॉब आहे. पगार नाही," तो म्हणाला.

दर रविवारी दुपारी मी गच्चीवरच्या खोलीत त्याच्या खुर्चीत बसायचे आणि तो माझ्या मागे मोड्यावर, म्हणजे इथे घरोघरी असतो त्या वेताच्या बुटक्या स्टुलावर. नियम एकच. मी खेळत असताना त्याने बोलायचं नाही. पहिल्या दिवशी पडद्यावर 'सुरू करा' असं लिहिलेलं आलं. मी ते वाचलं आणि हात मांडीवर ठेवून बसले. तोही बसला. बराच वेळ गेला. शेवटी मी मागे वळून म्हटलं, "अरे, सुरू कर ना." "तू करायचं असतं," तो म्हणाला. "मग सांगायचं नाही का? न सांगता कोणाच्या वस्तूला हात कसा लावायचा?" पुढच्या रविवारी ते पानच नव्हतं. खेळ उघडला की आपण थेट लाँचवर उभे, समोर नदी. आईसाठी पान काढलं, असं तो सगळ्यांना सांगायचा. दुसऱ्या वेळी मी घाटावरच्या माणसांनी रांग लावायची वाट बघत राहिले. ते खेळात बसणारच नव्हतं, पण तन्मयने एक म्हातारी रांगेत उभी राहिलेली काढली. बघाल तेव्हा ओळखाल.

मला तो नियम सुरुवातीला फार लागायचा. मी शिक्षिका, मूल अडलं की माझ्या तोंडून उत्तर निघून जायचं. इथे मी समोरच्या घाटावर रोख धरून सरळ लाँच हाकतेय, प्रवाह मला खाली ओढून नेतोय, पुन्हा, पुन्हा, आणि माझा स्वतःचा मुलगा मागे बसून नुसता बघतोय! चिडून मी म्हटलं, "एक शब्द बोललास तर काय बिघडेल?" तेव्हा तो जे म्हणाला ते मी विसरले नाही. "आई, खेळ विकला गेल्यावर मी प्रत्येकाच्या घरी जाऊन त्याच्या मागे उभा राहणार आहे का? तू अडलीस तर चूक माझी आहे. मला ती बघू दे." मग एका रविवारी मी नकळत लाँचचं नाक वरच्या अंगाला वळवलं आणि प्रवाहाने मला अलगद समोरच्या घाटाला आणून लावलं. मागून आवाज आला नाही. फक्त माझ्या खुर्चीच्या पाठीवर त्याचा हात आला, दाबल्यासारखा, आणि गेला. गार्डन रीचच्या खिडकीतल्या प्रश्नाचं उत्तर मला इतक्या वर्षांनी मिळालं होतं.

आणखी एक दुपार आठवते. शाळेत विजेची घंटा बसल्यावर जुनी पितळी हातघंटा त्यांनी मला निरोपसमारंभात भेट दिली होती. माझ्या गुडघ्यांना गच्चीचा जिना दिवसातून अनेकदा नको म्हणून जेवायला वाढलं की मी जिन्याखाली उभी राहून ती वाजवायचे. वरून उत्तर यायचं, "आलो, आलो!" येत कोणी नसे. वरण निवायचं, पुन्हा गरम करायचं, पुन्हा घंटा. त्या दुपारी तोच खाली आला, हातात आवाज टिपायचं यंत्र, त्याच्या टोकाला करडं, केसाळ काहीतरी. मी किंचाळले. मला उंदीर वाटला. "वाऱ्याचा आवाज लागू नये म्हणून आहे ते, आई." त्याने दारंखिडक्या लावल्या, पंखा बंद केला, जिन्यात गोधडी टांगली आणि म्हणाला, "वाजव. जेवायला बोलावतेस तशी." मी वाजवली. "एवढ्या रागाने नको." "मी याच रागाने बोलावते." "आज जरा हळू... मी लांब आहे असं समज." पुढे अनेक रविवार खेळले तरी ती घंटा मला कुठे ऐकू आली नाही. विचारलं तर म्हणाला, "आहे कुठेतरी." मी समजले, जमली नसेल.

शेवटची फेरी धुक्यातली. खेळ सगळा झाला होता, दुकानात लागायची तारीख ठरली होती, फक्त ही फेरी राहिली होती. पडदा पांढरा, लाँचच्या नाकापलीकडे काही दिसत नाही, इंजिनाची धडधड तेवढी. मी शिकले होते तशी नाक वर धरून गेले, कडेकडेने गेले, भरधाव गेले, फिरून आपल्याच घाटावर. सगळा भाद्रपद त्यात गेला. तन्मय आणि मिहिरमध्ये यावरूनच जरा कुरबुर झाली होती, मी जिन्यातून ऐकली होती. लांबून खेळून पाहणारे बरेच जण तिथेच अडकत होते. तन्मयचं म्हणणं, पडद्यावर वाट दाखवणारा एक बाण टाकू. मिहिर म्हणाला, "आई पलीकडे गेली तर बाण नको. नाही गेली तर टाक." आणि मग त्याला ताप आला.

दिवसकार्य झाल्यावर तन्मय भेटायला आला. बूट काढून दारातच उभा राहिला. चहा हातात घेतला, निवेपर्यंत प्यायला नाही. मग म्हणाला, "काकिमा, एक विचारायचं होतं, पण आज विचारणं बरं दिसत नाही." मी म्हटलं, "बाणाचं ना? विचार." त्याचे डोळे भरून आले. "लोक अडकले तर पहिल्याच आठवड्यात वाईट लिहितात. मग तो खेळ पुन्हा वर येत नाही, कोणाला दिसतच नाही. मिहिरदाची एवढी वर्षं... आणि मी पण घरी काय सांगू? बाण टाकणं एका दुपारचं काम आहे. पण त्याचा शब्द आहे." मी विचारलं, "उत्तर तुला ठाऊक आहे?" तो म्हणाला, "आहे. सांगू?" क्षणभर मला फार मोह झाला. त्या पोराच्या पोटाचा प्रश्न होता, मिहिरच्या सगळ्या कष्टांचा होता, माझ्या हट्टाची ही वेळ नव्हती. पण त्याने बाण टाकला की मिहिर माझ्या मागून उठून जाणार असं काहीतरी मला वाटलं. मी म्हटलं, "सांगू नकोस. मला थोडा वेळ दे. नाही जमलं तर मीच तुला फोन करून सांगेन, टाक बाण."

मग मी रोज दुपारी जिना चढू लागले. त्याची खोली मी आवरली नव्हती, फक्त चहाचा कप धुतला होता. घंटा मात्र कपाटात साड्यांच्या मागे ठेवून दिली होती, ती डोळ्यांसमोर नको वाटायची. मोडा खुर्चीच्या मागे जिथे होता तिथेच. मी खेळायचे आणि हरायचे. वेळेवर निघायचं, वेळेवर पोचायचं, वाटेत थांबायचं नाही, या सवयीने माझं आयुष्य गेलं आहे. माझं बोट कळेवरून उठत नव्हतं. प्रत्येक वेळी आपलाच घाट समोर यायचा, ती रांगेतली म्हातारी तशीच उभी. तन्मयचा फोन येत नव्हता. तो येत नव्हता म्हणूनच मला जास्त कळत होतं की तारीख जवळ आली आहे. एका दुपारी मी ठरवलं, आज शेवटचं. आज नाही झालं तर संध्याकाळी त्याला सांगून टाकायचं.

धुक्यात शिरले. आणि मागे मोडा करकरला. मिहिर बसताबसता पाय बदलायचा तेव्हा करकरायचा, अगदी तसा. मी वळून पाहिलं. रिकामा होता. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आलं होतं, वेत उन्हाने करकरतो... मी दोन्ही हात कीबोर्डवरून काढले आणि तोंडावर घेतले. तो गेल्यापासून माणसांच्या गराड्यात मी रडले होते ते वेगळं. इतकी एकटी मी तेव्हाच रडले.

हात उचलले तसं लाँचचं इंजिन थांबलं होतं. धडधड बंद झाली. नुसतं पाणी लाँचच्या अंगाला लागत होतं. आणि त्या पांढऱ्या शांततेत, फार लांबून, घंटा वाजली.

माझी घंटा. जेवायला बोलावणारी, जिन्याखालची, त्या दुपारी त्याने हळू वाजवायला लावलेली. मी पदराने डोळे पुसले. ती डावीकडून येत होती. मी कळ दाबली, धडधड सुरू झाली, घंटा बुडून गेली. मी हात काढला. पुन्हा घंटा, आता जरा जवळ. मग कळलं. थोडं जायचं, थांबायचं, ऐकायचं, पुन्हा थोडं जायचं. प्रत्येक फेरीला मला ती ऐकू येऊ शकली असती, मी थांबलेच नव्हते. असं करत करत एकदम पायऱ्या दिसल्या, पलीकडचा घाट, एक दिवा. घंटा वाजवणारं तिथे कोणी नव्हतं. माझे प्रवासी एकेक करून उतरले आणि पायऱ्या चढून गेले. पडद्यावर काही अक्षरं आली नाहीत, शाबासकी नाही. मी मागे वळले नाही. तो असता तरी बोलला नसता. खुर्चीच्या पाठीला पाठ टेकून मी थोडा वेळ तशीच बसून राहिले.

संध्याकाळी तन्मयला फोन केला. म्हटलं, "बाण नको." तो हळूच म्हणाला, "ऐकलीत ना, काकिमा?" मी म्हटलं, "ऐकली." खेळ आता दुकानात लागेल. चालेल की नाही, मला माहीत नाही. तन्मयलाही नाही. मिहिर म्हणायचा, ते कोणालाच माहीत नसतं. तुमची आई तुम्हाला घेऊन देईल. ईशान, रेवाला काही सांगू नकोस. रेवा, तू दादाला नकोस.

घंटा मी कपाटातून काढली, चिंच लावून घासली आणि जिन्याखालच्या फळीवर पूर्वीसारखी ठेवली. शेवटची काही कामं उरली होती, म्हणून रविवारी तन्मय आला आणि वरच्या खोलीत बसला. मी वरण-भात, बटाट्याची भाजी केली, पानं घेतली आणि जिन्याखाली जाऊन घंटा वाजवली. "आलो, काकिमा," म्हणत तो लगेच खाली आला, हात धुऊन बसलाही. शहाणा मुलगा आहे, अन्न निवू देत नाही.

मी मात्र घंटा हातात धरून अजून थोडा वेळ जिन्याकडे बघत उभी होते. पूर्वी मला दोनदा वाजवावी लागायची.